महोत्सवाला पहिल्यांदा जाताय? खान्देशातल्या नवख्या प्रेक्षकासाठी वाटाड्या

दिवाळी आटोपते, कापूस घरात येतो आणि खान्देशात कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा उघड्या मैदानात गाणं ऐकायला कोण बसणार? पावसाळ्यात शेतीची धांदल. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने. जळगाव, धुळे, नंदुरबार, अमळनेर, भुसावळ, चाळीसगाव इथली नाटकं, संगीत महोत्सव, लोककलांचे मेळावे मग या चार महिन्यांतच एकमेकांच्या अंगावर येऊन पडतात. एका शनिवारी तीन ठिकाणी बोलावणं आणि पुढचे दोन शनिवार कोरडे, असंही होतं.

नोकरी-शिक्षणासाठी इथे नव्याने आलेल्यांसाठी हा लेख आहे. जन्म इथे काढला पण नाट्यगृहाची पायरी कधी चढलो नाही, असे लोकही काही कमी नाहीत, त्यांच्यासाठीही आहे. माझं एक मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे सल्ले कुठून आले ते कळेल. टीव्हीवरचा चेहरा येतोय एवढ्याच कारणाने महोत्सवाला जाऊ नका. ते नाटक वर्षभरात नाशिकला, पुण्याला, कुठेही गाठता येईल. अहिराणी या इथल्या बोलीतली एकांकिका, वहीगायन हे इथलं कथागायन, लेवा गणबोली या दुसऱ्या बोलीतलं कथाकथन हे मात्र इथेच पाहायचं, आणि बहुतेकदा रिकाम्या खुर्च्यांच्या सोबतीने. त्या खुर्च्या भराव्यात म्हणून हा खटाटोप.

पहिली पायरी: पत्रिका वाचायची कशी

पत्रिका हातात आली, हल्ली व्हॉट्सॲपवर आली, की आपण फोटो बघतो आणि पुढे ढकलतो. फोटो राहू द्या. आधी बघा उद्घाटन कोणत्या दिवशी आहे. त्या दिवशी 'सायं. ७ वा.' लिहिलं असेल तर सातला दीपप्रज्वलन. मग स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचा सत्कार, आणि 'मी फार वेळ घेणार नाही' या वाक्याने सुरू होणारी मनोगतं. कलाकाराच्या हातात माईक यायला आठ वाजून जातात. दिवसभराची नोकरी करून जाणाऱ्याने पहिला दिवस सोडून दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली तर काही बिघडत नाही.

पण ही ढिलाई गृहीत धरून व्यावसायिक नाटकाला रमतगमत जाऊ नका. मुंबईहून चारशे किलोमीटर आलेल्या मंडळींना प्रयोग संपवून, सेट उतरवून रातोरात पुढचं गाव गाठायचं असतं. तिथे तिसरी घंटा वेळेवर होते.

मग स्थळ. बंदिस्त नाट्यगृह, छोटं सभागृह, खुला रंगमंच आणि मैदान या चार वेगळ्या गोष्टी आहेत. जळगावात महाबळ भागातलं छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह हे बंदिस्त, नाटकासाठीच बांधलेलं. बालगंधर्व खुलं नाट्यगृह नावाप्रमाणे आभाळाखाली. कांताई सभागृह त्यामानाने आटोपशीर, बोलक्या कार्यक्रमांना उत्तम. सागर पार्क म्हणजे सरळ मैदान. तिथे समोर गाणं, पाठीमागे भरीत-पुरीचे स्टॉल आणि मधून पळणारी पोरं हे धरूनच जायचं. त्यातही मजा आहे, पण हळुवार अभिवाचन मैदानात ठेवलं असेल तर मी जात नाही. शब्द कानापर्यंत पोचतच नाहीत.

कार्यक्रमाच्या प्रकाराचा शब्दही नीट वाचा, कारण त्यावरून वेळ कळते. 'दोन अंकी' म्हणजे मध्यंतरासह दोन-अडीच तास. 'दीर्घांक' म्हणजे तास-दीड तास, मध्यंतर नाही. पाणी आधीच पिऊन घ्या. 'एकांकिका' अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंत, आणि एका संध्याकाळी तीन-चार लागोपाठ असतात. 'अभिवाचन' म्हणजे संहिता हातात धरून, आवाजाच्या जोरावर केलेलं वाचन. तिथे नेपथ्य शोधू नका. 'सुगम', 'नाट्यसंगीत', 'उपशास्त्रीय', 'शास्त्रीय' या क्रमाने तुमच्या सबुरीची परीक्षा वाढत जाते.

दुसरी पायरी: काय बघायचं आणि काय सोडायचं

तीन दिवसांच्या महोत्सवात सगळं बघायला निघालेला माणूस तिसऱ्या दिवशी खुर्चीत झोपलेला सापडतो. एका संध्याकाळी एकच कार्यक्रम, हा नियम नवख्याला पुरतो. तीन दिवस असतील तर एक नाटक, एक गाणं आणि एक लोककलेचा कार्यक्रम निवडा. सुरुवात एकांकिकेने करा असं मी सांगेन. आवडली नाही तर अर्ध्या तासात सुटका, आणि आवडली तर त्याच तिकिटात पुढची.

इथल्या बोलींतला एक तरी कार्यक्रम निवडीत असू द्या. बाहेरून आलेल्यांना भीती वाटते की कळणार नाही. कळतं. दहा मिनिटं कान बसू द्यायचा, बस. 'शे' म्हणजे आहे, 'अठे' म्हणजे इथे, 'आते' म्हणजे आता, 'वना' म्हणजे आला, 'मनी' म्हणजे माझी, 'आंडोर' मुलगा आणि 'आंडेर' मुलगी. एवढ्यावर अहिराणी एकांकिकेचं अर्धं काम भागतं. लेवा गणबोलीत 'ळ' चा 'य' होतो हे ध्यानात ठेवा: डोळा तो 'डोया', काळा तो 'काया'.

बहिणाबाई चौधरींच्या कवितांवरचा कार्यक्रम दर हंगामात कुठे ना कुठे असतोच. जळगावला लागून असलेल्या आसोद्याच्या या बाई, १८८० साली जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. शेतात, जात्यावर सुचलेलं मुलाने आणि त्याच्या मावसभावाने टिपून ठेवलं आणि त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक आलं. शाळेत त्या कविता आपण गुणांसाठी पाठ केलेल्या असतात. त्याच बोलीत वाढलेल्या माणसाच्या तोंडून त्या ऐकणं हा वेगळाच प्रकार आहे. जाण्याआधी चार-पाच कविता पुन्हा वाचून जा. मग कार्यक्रमात शब्दाशी झटापट करावी लागत नाही, चालीकडे आणि आवाजाकडे लक्ष जातं.

निवडताना कुणाला विचारायचं? आयोजकाला विचारू नका, तो सगळंच उत्तम म्हणणार. नाट्यगृहाबाहेरच्या चहावाल्याला विचारा. कालच्या प्रयोगातून बाहेर पडलेले लोक काय बोलत होते ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

तिसरी पायरी: पास, तिकीट आणि जागा

खान्देशातले पुष्कळ संगीत महोत्सव आणि लोककलेचे कार्यक्रम विनामूल्य असतात. कुठे प्रवेशिका आधी घ्यावी लागते, कुठे तीही नाही. प्रवेशिका म्हणजे खुर्ची नव्हे, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला दारातच कळतं. 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' आणि 'पहिल्या चार रांगा निमंत्रितांसाठी राखीव' ही दोन्ही वाक्यं एकाच पत्रिकेत असतात. प्रसिद्ध गायक असेल तर अर्धा तास आधी पोचा. एक सांगतो: राखीव रांगांतले निमंत्रित सत्कार उरकला की निम्मे उठून जातात. पहिल्या मध्यंतरात स्वयंसेवकाला नम्रपणे विचारा, "दादा, पुढे बसू का आता?" बहुतेक वेळा तो आनंदाने बसवतो, कारण रिकामी पुढची रांग त्यालाही कलाकारासमोर लाजवते.

व्यावसायिक नाटकाचं तिकीट ऑनलाइन मिळतं, शिवाय नाट्यगृहाच्या खिडकीवर प्लॅनही, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा, लागतो. खिडकीवर गेलात तर रांग बघून घेता येते. पहिली रांग पैसेवाल्यांची असा समज आहे, पण तिथून मान वर करून बघावं लागतं आणि सगळं नेपथ्य एका नजरेत मावत नाही. नाटकाला पाचवी ते दहावी रांग, मधला भाग. बाल्कनी मिळाली तर पहिलीच ओळ. गाण्याला मात्र मी थोडा डावीकडे बसतो. गायकाच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्या डावीकडे, बहुधा तबला असतो, आणि बोटं दिसली की ताल समजायला सोपा जातो. मैदानात कुठेही बसा, फक्त भोंग्यांच्या भिंतीसमोर नको.

चौथी पायरी: जाणं-येणं आणि थंडी

शेवटची एसटी कितीची, हे कार्यक्रम सुरू होण्याआधी बसस्थानकावर विचारून घ्या. भुसावळ, अमळनेर, धरणगावकडच्यांना रेल्वेचा आधार आहे, पण रात्रीच्या गाडीवर भरवसा ठेवून मैफल शेवटपर्यंत ऐकायची असेल तर फलाटावर दोन तास काढायची तयारी हवी. चार-पाच जण मिळून गाडी करणं बरं.

जानेवारीत इथली रात्र दहा अंशांच्या खाली घसरते. दुपारी घामाने भिजवणारं गावच रात्री दात वाजवायला लावतं. खुल्या रंगमंचावर जाताना स्वेटर, कानटोपी आणि बसायला एखादी घडीची सतरंजी घ्या. दगडी पायऱ्या दहा वाजता बर्फासारख्या होतात. मैदानावर भरीत-पुरी खाऊन शास्त्रीय गाण्याला बसू नका. काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं तेलदार भरीत आणि विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल हा मेळ डोळे मिटवणारा आहे. आधी गाणं, मग भरीत.

पाचवी पायरी: नाटक

तीन घंटा होतात. पहिलीला चहा संपवा, दुसरीला जागेवर या, तिसरीला दिवे जातात. तिसरीनंतर आलात तर दारापाशी उभे राहा, अंधार सरावू द्या, प्रसंग बदलताना बसा. मोबाईलची बॅटरी लावून रांग शोधणारा माणूस आख्ख्या प्रेक्षागृहाचा रसभंग करतो. फोन नुसता सायलेंटवर नाही, बंद करा. थरथरणारा फोनही शांत प्रसंगात तीन रांगांपर्यंत ऐकू जातो, आणि नटाला तर जातोच.

प्रसिद्ध नटाच्या प्रवेशाला टाळी देण्याची आपल्याकडे रीत आहे. द्या, पण संवाद सुरू झाला की थांबा. हसू आलं तर मोकळेपणाने हसा. विनोदी प्रयोगात नट प्रेक्षकांच्या हशावर वेळ साधत असतो. हसू दाबून बसलेलं सभागृह त्याच्या वाट्याला आलं की प्रयोग खरंच पडतो.

नवख्याला नाटकाचं खरं शिक्षण हवं असेल तर राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बघा. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची ही हौशी नाटकांची स्पर्धा १९५०च्या दशकापासून चालू आहे, जळगाव हे तिचं केंद्र राहिलेलं आहे आणि तिकीट अगदी नाममात्र असतं. हौशी मंडळी म्हणजे दिवसा शाळेत, बँकेत, एमआयडीसीत काम करून रात्री तालीम करणारी. एका संध्याकाळी नाटक भन्नाट निघतं, दुसऱ्या दिवशी सेट पडतो. सभागृहाच्या मधोमध तीन परीक्षक बसलेले असतात, त्यांच्यापुढे टेबल, टेबलावर झाकलेला छोटा दिवा आणि कागद. त्यांच्या आसपासच्या खुर्च्या सोडून बसा आणि त्यांच्यासमोरून ये-जा टाळा. पण अधूनमधून त्या दिव्याकडे नजर टाका. पेन कधी चालतं आणि कधी थांबतं हे बघत गेलात तर नाटकातली कच्ची जागा तुम्हालाही दिसायला लागते. प्रकाश उशिरा आला, विंगेतला माणूस दिसला, दोन नट एकाच रेषेत उभे राहिल्याने मागचा झाकला गेला. व्यावसायिक नाटकात हे सगळं इतकं घोटलेलं असतं की आपल्या ध्यानातच येत नाही.

मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं. बटाटावड्याची रांग त्याहून मोठी. एकाने वडे, दुसऱ्याने चहा अशी वाटणी केली तरच जमतं.

सहावी पायरी: गाणं ऐकताना

जळगाव आणि गाणं म्हटलं की बालगंधर्वांचं नाव निघतंच. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. त्यांचं लहानपणीचं काही शिक्षण जळगावात झालं आणि गाण्याचे सुरुवातीचे धडे त्यांनी इथेच मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले. त्यांच्या नावाचा बालगंधर्व संगीत महोत्सव दरवर्षी जानेवारीच्या सुरुवातीला तीन दिवस इथे भरतो. गायन, वादन, नृत्य तिन्ही असतं, शिवाय देशभरातले तरुण कलाकार येतात. शास्त्रीय संगीताची पहिली ओळख करून घ्यायला हे चांगलं ठिकाण आहे. एका सत्रात दोन वेगळे कलाकार असतात, एक नाही भावला तर दुसरा.

आता प्रत्यक्ष काय होतं बघा. गायिका येऊन बसते. मागे दोन तानपुरे, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला संवादिनी, म्हणजे पेटी. आणि मग पाच-सात मिनिटं काहीच होत नाही, असं शेजारच्याला वाटतं. तो कुजबुजतो, "अजून माईकच लागला नाही का?" तेव्हा तबलजीकडे बघा. मान तिरकी करून तो तबल्याच्या कडेला एकेक टिचकी मारतोय आणि कान तानपुऱ्याकडे लावलेला आहे. सूर बराच उतरला असेल तर हातोडी वादीखालच्या, म्हणजे चामड्याच्या पट्टीखालच्या, लाकडी गट्ट्यावर बसते. गट्टा खाली सरकला की वादी ताणली जाते आणि सूर चढतो. थोडाच फरक असेल तर काठाच्या गजऱ्यावर, म्हणजे चामड्याच्या वेणीवर, वरून ठोका, जास्त चढला असेल तर खालून. पुडीभोवती, म्हणजे तबल्याच्या चामड्याभोवती, फिरत फिरत तो प्रत्येक घर एका सुराला आणतो. थंडीत, उघड्या रंगमंचावर, हे काम मैफल चालू असतानाही पुन्हा पुन्हा करावं लागतं. हे बघायला शिकलात की वाट पाहणं उरत नाही. ज्या क्षणी तबला तानपुऱ्यात विरघळतो तो तुमच्याही कानाला कळायला लागतो.

मग बडा ख्याल, बहुधा विलंबित एकताल. बारा मात्रा, पण इतक्या सावकाश की नवख्याला मोजता येत नाहीत. मोजू नका. शब्द एक-दोन ओळींचेच असतात, तेही ताणलेले. अर्थाच्या मागे धावू नका. फक्त एक करा: मुखडा, म्हणजे ती परत परत येणारी पहिली ओळ, ओळखून ठेवा. गायिका कितीही दूर गेली तरी त्या ओळीवर परत येते आणि ओळीतल्या एका ठरावीक अक्षरावर तबल्याचा 'धिं' पडतो. ती सम. पुढे बसलेल्या जाणत्यांची मान तिथे हलते. पहिल्या दिवशी त्यांच्या मानेवरून शिका, कुणी फी मागत नाही.

नंतर द्रुत, म्हणजे जलद, बंदिश, बहुतेकदा तीनताल, सोळा मात्रांचा. हा मोजता येतो. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला हात मोकळा सोडायचा. मांडीवर बोटांनी करा, मोठ्याने नको. आलापाच्या मध्ये टाळ्या वाजवू नका. तान सुरेख समेवर आली की 'वा' जरूर म्हणा, कलाकाराला ते हवंच असतं. उठून जायचं असेल तर एक चीज संपून दुसरी सुरू होण्याआधी जा. भैरवी सुरू झाली म्हणजे मैफल संपत आली. तेव्हा चपला शोधायला निघणारे लोक असतात, तुम्ही बसा. मैफलीतलं सगळ्यात मोकळं गाणं पुष्कळदा तिथेच होतं.

बैठक भारतीय असेल तर पाय कलाकाराकडे पसरू नका. पाठ-गुडघे धरत असतील तर मागच्या खुर्च्या मागून घ्या, त्यात कमीपणा नाही.

सातवी पायरी: वही, तमाशा, कीर्तन, कथा

पत्रिकेत हे प्रकार दुपारी तीनला, फोटोशिवाय, बारीक अक्षरात छापलेले असतात. मला स्वतःला इथेच सगळ्यात जास्त मिळतं, म्हणून जरा सविस्तर.

वहीगायन हा खान्देशचा आपला प्रकार. डफ-ढोलकाच्या तालावर देवादिकांच्या कथा पदांतून पुढे सरकतात. मुख्य गायक ओळ टाकतो, साथीदार ती उचलून धरतात, मधूनच पाय नाचायला लागतात. गावात ही गाणी रात्रभर चालतात. महोत्सवात त्यांना चाळीस मिनिटं मिळतात. रंगायच्या आधीच संपलं असं वाटलं तर दोष त्यांचा नाही, वेळापत्रकाचा आहे. कार्यक्रमानंतर गाठ घेऊन त्यांच्या गावात केव्हा असतं ते विचारा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई ही खान्देशची देवी बसते, तेव्हाचं बोलावणं मिळालं तर सोडू नका. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरची बायकांची गाणीही तशीच. मंचावर माईकसमोर ओळीने उभं करून गायला लावली की त्यांचा जीव जातो. महोत्सवात ती ऐकून फक्त चाल ओळखून ठेवा.

तमाशा बघायचा तर क्रम माहीत असू द्या: आधी गण म्हणजे गणेशस्तवन, मग गौळण, मग बतावणी आणि शेवटी वग म्हणजे मुख्य नाट्य. गौळणीत मावशी येते, म्हणजे बाईच्या वेशातला पुरुष, आणि कृष्णाने वाट अडवली की भल्याभल्यांची खेचते. समोर बसलेल्या पुढाऱ्यालाही सोडत नाही. बतावणी म्हणजे दोन सोंगाड्यांची जुगलबंदी. खान्देशात ती अहिराणीत सुरू झाली की पोट धरावं लागतं. धाटणी साधारण अशी:

"कोठे चालना रे भो?"
"बजारले."
"काय लेवाले?"
"अक्कल लेवाले."
"मंग घरमानी सरी गई का?"

'लेवाले' म्हणजे घ्यायला, 'सरी गई' म्हणजे संपली. कागदावर हे काहीच नाही. मंचावर 'सरी गई का' च्या आधी ढोलकी एक थाप देते, पहिला सोंगाड्या प्रेक्षकांकडे वळतो, दुसरा खिसे चाचपतो, आणि मग मांडव कोसळतो. ती थाप नेमकी कुठे पडते यावर कान ठेवा. विनोदाचा निम्मा पगार ढोलकीवाल्याचा आहे.

शहरी महोत्सवात तमाशाचं तासा-दीड तासाचं रूप बघायला मिळतं. पूर्ण फड बघायचा असेल तर जत्रा गाठा. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथे तमाशाचे तंबू लागतात आणि खेळ रात्री उशिरा सुरू होतो. तिथे दौलतजादा होते, नाव पुकारून पैसे दिले जातात. द्यावंसं वाटलं तर हातात द्या, नोटा उधळू नका, आणि न देता बसलात तरी कुणी उठवत नाही.

नंदुरबारकडच्या कार्यक्रमात सोंगाड्या पार्टी किंवा रोडाली लिहिलेलं दिसलं तर थांबा. सातपुड्यातल्या आदिवासींची ही नाट्यं त्यांच्या बोलीत असतात, एकही वाक्य कळणार नाही कदाचित, पण सोंगं कळतात. साक्री भागातल्या पावरी या फुंकवाद्यावरच्या नाचाला तर भाषाच लागत नाही. या कलाकारांना पाहुण्यांच्या स्वागताला दारात नाचवून मंचावर दहाच मिनिटं देण्याची एक वाईट खोड आयोजकांना लागली आहे. तुम्ही प्रेक्षक म्हणून अभिप्रायाच्या वहीत त्याबद्दल लिहू शकता, मी लिहितो.

कीर्तनाचे दोन प्रकार भेटतील. नारदीय कीर्तनात एकच बुवा उभे राहून आधी पूर्वरंगात विषय मांडतात, मध्ये नामाचा गजर, मग उत्तररंगात एखादं आख्यान रंगवतात. गाणं, अभिनय, गोष्ट तिन्ही एका माणसात. म्हणून नाटकाच्या माणसांनाही ते आवडतं. वारकरी कीर्तन एका अभंगाभोवती फिरतं, मागे टाळकऱ्यांची रांग आणि पखवाज. मुक्ताईनगरच्या आसपास, मुक्ताईच्या यात्रेच्या दिवसांत, हे उत्तम ऐकायला मिळतं. आरतीचं ताट आलं तर यथाशक्ती टाकायचं.

कथाकथनाला कुठलीच पूर्वतयारी लागत नाही. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव फिरून ग्रामीण कथा ऐकण्याची सवय महाराष्ट्राला लावली, त्याच वाटेवर आज आपल्या बोलींतले कथाकार आहेत. पुढे बसा, कारण अर्धी गोष्ट चेहऱ्यावर असते. आणि गोष्टीचा शेवट आधी कळला तरी शेजाऱ्याच्या कानात सांगू नका.

मुलं, फोटो, पडद्यामागे

पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांना दोन अंकी नाटकाला नेऊ नका. बालनाट्य, बाहुल्यांचा खेळ, लोककला यांना जरूर न्या. दाराजवळच्या खुर्च्या घ्या. फोटो एखादा काढा, फ्लॅशशिवाय, आणि नाटकाचं चित्रीकरण मुळीच करू नका. त्यावर त्या मंडळींचं पोट असतं. प्रयोगानंतर रंगपटात जायचं तर आधी विचारा, मेकअप उतरवायला दहा मिनिटं द्या. 'सेल्फी घेऊ का' याआधी नाटकातल्या एखाद्या प्रसंगाबद्दल दोन वाक्यं बोललात तर नट खुर्ची पुढे ओढून बोलायला बसतो. मोठ्या नावांइतकंच हौशी मंडळींना हे सांगणं गरजेचं आहे. त्यांना टाळ्या ऐकू येतात, पण काय आवडलं ते कुणी सांगत नाही.

बाहेर पडताना आयोजकांच्या वहीत नाव आणि नंबर लिहून ठेवा. पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका आपोआप येते. आणि एखाद्या स्थानिक संस्थेचा प्रयोग फारच आवडला तर त्यांच्या तालमीला येऊ का, असं विचारून बघा. सहसा नाही म्हणत नाहीत. रात्री आठनंतर एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये खुर्ची मिळेल, अर्धा कप चहा मिळेल, आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी नेपथ्याच्या फळ्या टेम्पोत चढवायला फोनही येईल. जुने बूट घालून जा, रंग ओला असतो.